मूल एकदाच येतं, परत फिरकत नाही: त्या एका तासात नेमकं काय करायचं?

नंदनवन_समुपदेशन
कनिष्ठ महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशन असतं. मुलं १६ ते १८ वयाची, नीट-जेईईवाली जास्त. बहुतेक एकदाच येतात. "मॅडम, अभ्यासच नाही होऊन राहिला" अशी सुरुवात होते. घरची, शाळेची, झोपेची माहिती घेता घेता पाऊण तास संपतो. "पुढच्या मंगळवारी ये" म्हटलं की मान डोलावतात आणि मंगळवारी खुर्ची रिकामी. एकाच भेटीत काम पूर्ण करायची एक-सत्र पद्धत अशा ठिकाणी चालते का? वेळ कसा वाटायचा, काय विचारायचं, काय सोडून द्यायचं? आणि जीव देण्याचे विचार निघाले तर?

बर्डी_मानसशास्त्र
आधी एक गैरसमज काढून टाका. परत न येणारं मूल म्हणजे फसलेलं समुपदेशन असं धरू नका. मानसशास्त्रज्ञ मोशे टॅलमन यांनी अमेरिकेतल्या कैसर परमानंटे या आरोग्यसंस्थेमध्ये एकदाच येऊन गेलेल्या आपल्या २०० जणांना फोन करून विचारलं, तर बहुतेकांचं काम त्या एका भेटीतच झालं होतं. त्यातूनच १९८० च्या दशकात ही पद्धत उभी राहिली. पहिली भेट हीच कदाचित शेवटची, असं धरून ती पूर्ण करायची आणि दार उघडं ठेवायचं, एवढाच तिचा गाभा आहे.

तुमचा वेळ खातेय ती माहिती. ती बाहेरच्या बाकावर अर्ध्या पानाच्या चिठ्ठीवर भरून घ्या. तीन प्रश्न पुरतात: आज इथून जाताना कशात थोडा फरक पडलेला हवा? आतापर्यंत काय करून पाहिलं आणि त्यातलं काय थोडं तरी उपयोगी पडलं? ० ते १० मध्ये त्रास किती?

मग ५०-६० मिनिटांचा हिशेब असा लावा. पहिली पाच मिनिटं गोपनीयता आणि तिच्या मर्यादा: "जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर ते मला पुढे सांगावं लागेल." त्यातच सांगून टाका, "आज आपण एकच गोष्ट धरू आणि ती तडीस नेऊ. लागलं तर पुन्हा ये." पुढची दहा-पंधरा मिनिटं ती गोष्ट ठरवण्यात जातात. मूल पाच अडचणी सांगेल, निवड त्यालाच करू द्या. तुम्हाला महत्त्वाची वाटली ती तुम्ही निवडलीत तर दुपारपर्यंत तो ती विसरलेला असतो.

त्यानंतर अपवाद शोधा, म्हणजे त्रास कमी होता असे प्रसंग. "सात म्हणालास, दहा का नाही?" या प्रश्नाला मुलं फार चांगली उत्तरं देतात, कारण काय टिकून आहे ते त्यांच्याच तोंडून येतं. "गेल्या आठवड्यात जरा बरं गेलं तो दिवस कोणता? त्या दिवशी वेगळं काय होतं?" हेही विचारा. इथे सल्ला द्यायचा मोह आवरा.

मानेवाडा_शाळा
वरच्या मांडणीत एक भर. उपाय खोलीतच करून बघायचा, आणि यासाठी पंधरा-वीस मिनिटं राखूनच ठेवा. परीक्षेसाठी एक वर्ष ड्रॉप घेण्याबद्दल बाबांशी बोलायचं असेल तर तुम्ही बाबा व्हा आणि पहिलं वाक्य त्याला मोठ्याने म्हणायला लावा. पहिल्यांदा तो "बाबा, मला नाही जमणार" असं म्हणतो. तिसऱ्यांदा "बाबा, रविवारी जेवण झाल्यावर दहा मिनिटं बोलायचं आहे, आधी पूर्ण ऐकून घ्या" इथपर्यंत येतो. घरी त्याला हे तिसरं वाक्यच कामी येतं. छाती धडधडत असेल तर श्वासही तिथेच: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दोन-तीन मिनिटं. नंतर आकडा पुन्हा विचारा.

शेवटची दहा मिनिटं कागदाची. "रोज नीट अभ्यास करेन" ही योजना नव्हे. "क्लासवरून येऊन सायकल लावली की, मोबाइल आईकडे देऊन, फिजिक्सची पाच गणितं" ही योजना. कधी, कुठे, किती, आणि आड काय येईल? पाहुणे आले तर? लाइट गेली तर? त्याचं उत्तरही तिथेच लिहायचं. कागद मुलाच्या अक्षरात असावा, गोष्ट एकच असावी. दोन-तीन आठवड्यांनी फोन किंवा निरोप पाठवण्याची परवानगी त्याच वेळी घ्या. समुपदेशन गळ्यात पडल्यासारखं वाटलं की मूल फोन उचलत नाही.

नंदनवन_समुपदेशन
खूप उपयोगी. पण जो मुलगा दिवसभर पांघरूण घेऊन पडलेला असतो, त्याला एका भेटीत काय होणार?

बर्डी_मानसशास्त्र
प्रश्न योग्य आहे आणि इथे फुगवून सांगणं चुकीचं ठरेल. मुलांसाठीच्या एक-सत्र उपायांच्या ५० यादृच्छिक चाचण्यांचा (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या) एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला. परिणाम सरासरीने लहान ते मध्यम होता, चिंता आणि वर्तनाच्या तक्रारींत जास्त, नैराश्यात कमी. नंतर २०२२ मध्ये अमेरिकेत २,४५२ किशोरांवर दोन ऑनलाइन एक-सत्र कार्यक्रम तपासले गेले. तीन महिन्यांनी नैराश्याची लक्षणं कमी झाली होती, पण फरक लहानच. खरा लाभ असा की रांगेत कोणी न थांबता काहीतरी हाती लागतं.

त्या दोनपैकी एका कार्यक्रमाचा गाभा कृतीचा होता आणि तो खोलीतही वापरता येतो. कागदावर गोल काढा: मन खचलं, म्हणून टाळलं, टाळल्यामुळे आणखी खचलं. मन बरं झाल्यावर उठेन असं तो म्हणतो, तर गोल उलटा फिरवून दाखवा: आधी थोडं करायचं, मग मन सावरतं. मग जवळची माणसं, आवडीचं काम किंवा शरीर यांतलं एक निवडा आणि दहा मिनिटांत होईल एवढंच ठेवा. फुटाळा तलावापर्यंत धावायला जाणं नको, संध्याकाळी गच्चीवर जाऊन मित्राला एक फोन, एवढं बस. दोन आठवड्यांहून जास्त काळ असंच चाललं असेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर याच्या जोडीला नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीला पाठवा. कोणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येणं, रात्र-रात्र न झोपता भन्नाट बडबड, मुद्दाम स्वतःची केलेली उपासमार, यांत एक-सत्रावर विसंबू नका.

रामनगर_हेल्प
जीव देण्याच्या विचारांबद्दल. प्रत्येक मुलाला विचारा, लक्षण दिसो वा न दिसो. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. शब्द सरळ हवेत: "मरून जावं असं वाटतं का? जीव द्यायचं मनात येतं का? कसं ते ठरवलंय का? ते हाताशी आहे का?" "काही वेडंवाकडं तर नाही ना मनात?" असं विचारलंत की उत्तर "नाही" असंच येतं.

'हो' आलं की आधीचा विषय बाजूला ठेवून तो तास सुरक्षा-योजनेला द्या. सहा भाग मुलाच्या शब्दांत लिहा: इशारे काय, एकट्याने काय करून सावरतो, मन दुसरीकडे वळवणारी माणसं-जागा, मदत मागण्याजोगी माणसं, डॉक्टर आणि हेल्पलाइन, आणि घातक साधनं दूर करणं. टेलिमानस १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास आणि मराठीत बोलते. नंबर तिथेच मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या. पालकांना बोलवा, धोका तातडीचा असेल तर मूल एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. लैंगिक अत्याचार समजला तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

सहावा भाग सर्वांत जास्त चुकतो. होस्टेलवरचा मुलगा सुट्टीत गावी जातो, हे लक्षात राहत नाही. "घरी विष आहे का?" असं विचारलं तर "नाही" म्हणतो, कारण घरात त्याला औषध म्हणतात. म्हणून "फवारणीचं औषध कुठे ठेवता, किल्ली कोणाकडे?" असंच विचारा आणि वडिलांना फोनवर सांगा की ते कुलपात ठेवून किल्ली स्वतःकडे घ्या, पोरगं शुक्रवारी बसमध्ये बसण्याआधी.