घोडा दुसऱ्याच्या पागेत ठेवताना आधी काय पाहावे, रिंगण की कुरण?

मोकळी टाप:

स्वतःची जागा नसलेल्या मालकाला घोडा दरमहा पैसे भरून दुसऱ्याच्या पागेत ठेवावा लागतो. अशी पागा निवडताना बहुतेक जण सर्वप्रथम रिंगण पाहतात. त्यावर छप्पर आहे का, दिवे आहेत का, उड्यांचे अडथळे किती आहेत, याची चौकशी करतात. माझे मत नेमके याच्या उलट आहे. आपण घोड्यावर दिवसातून जेमतेम एक तास बसतो. उरलेले २३ तास तो जिथे आणि जसे काढतो, त्यावरून पागेची पारख व्हायला हवी.

मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरण्यात घालवतो. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान असते आणि ते रिकामे असले तरी त्यात आम्ल पाझरतच राहते. म्हणून सकाळ-संध्याकाळ चंदी (दाण्याचा खुराक) टाकून मधले तास गव्हाण रिकामी ठेवणारी पागा दिसायला कितीही चकचकीत असली, तरी तिथल्या घोड्यांना जठराचे व्रण होण्याचा धोका वाढतो. ५०० किलो वजनाच्या घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे शुष्कांशाच्या (पाण्याचा अंश वगळून उरणाऱ्या वजनाच्या) हिशेबाने साडेसात ते दहा किलो वैरण लागते. एवढी वैरण मासिक शुल्कात धरलेली आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. दुसरा प्रश्न सोबतीचा. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे; ठाणात, म्हणजे पागेतल्या त्याच्या खोलीत, बंद आणि एकटा ठेवला की तो दाराशी उभा राहून तासन्‌तास डुलतो किंवा लाकडाची कड दातांत धरून हवा ओढतो, आणि ही सवय एकदा जडली की पुढे परिस्थिती सुधारूनही सहसा सुटत नाही.

तेव्हा मोकळे फिरणे, वैरण, सोबत, हवेशीर ठाण आणि सर्वांत शेवटी रिंगण, असा माझा क्रम आहे. ज्यांना तो अमान्य असेल त्यांनी कारणांसह लिहावे.

खोगीर:

२३ तासांचे गणित ऐकायला पटते; परंतु त्या एका तासातच घोड्याचे पाय बिघडतात, हे त्यात येत नाही. सैल, खोल वाळूत काम केले की कंडरांवर ताण पडतो, आणि टणक जमिनीवर प्रत्येक टापेचा हादरा सांध्यांपर्यंत पोहोचतो. रिंगणाची जमीन रोज ओढून सारखी केली जाते का आणि पाऊस पडून गेल्यावर तिथे किती वेळ पाणी साचून राहते, या बाबी म्हणूनच चैनीच्या नाहीत. शिवाय जिथे जमीन महिनोन्‌महिने ओली असते, तिथे रिंगण नसलेल्या पागेतील घोडा आठवडाभर उभा राहतो आणि सुटीच्या दिवशी मालक त्याच्याकडून एकदम सगळे काम करून घेतो. यापेक्षा घातक वेळापत्रक मला माहीत नाही. आणि आपल्या त्या कुरणाबद्दलही विचारतो: ‘रोज सोडतो’ असे सांगणाऱ्या किती पागांमध्ये घोडा जेमतेम अर्धा तास चिखलात उभा असतो?

मोकळी टाप:

रोज किती तास सोडतात आणि पावसाळ्यात किती, हे विचारायलाच हवे, ते मान्य. पण चांगले रिंगण दुसरीकडे तासाभरासाठी भाड्याने मिळू शकते. मोकळे फिरणे तासावारी विकत घेता येत नाही.

खोगीर:

त्यासाठी घोडा वाहून नेणारी गाडी लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याला असा सल्ला देणे सोपे आहे.

नाल आणि खिळा:

मी नालबंदी करतो, त्यामुळे पागा मला खुरांकडून दिसतात. कुरण म्हणजे निव्वळ पुण्य, ही धारणा मला मान्य नाही. लुसलुशीत गवतातील साखरेमुळे, विशेषतः तट्टांना आणि स्थूल घोड्यांना, लॅमिनायटिस होतो. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात आणि दुखणे बळावले तर ते हाड जागचे सरकते. अशा घोड्याचा मालक केवळ हिरवेगार कुरण पाहून पागा निवडणार असेल, तर माझे काम वाढेल, एवढेच. त्याच्यासाठी गवत नसलेला वेगळा पॅडॉक (कुंपण घातलेली मोकळी जागा) हवा आणि तिथे तोलून दिलेली वैरण हवी.

नवा घोडा अनोळखी कळपात थेट सोडणाऱ्या पागेत लाथांच्या जखमा ठरलेल्याच. आधी काही दिवस कुंपणाआडून ओळख करून देणारी पागा निवडावी. कुंपणाला काटेरी तार दिसली किंवा कडेला शोभेची कण्हेर लावलेली दिसली, तर पुढे काही पाहण्याची गरज नाही.

मोकळा श्वास:

हवेशीर ठाण चौथ्या क्रमांकावर टाकलेले पाहून आश्चर्य वाटले. ठाणात गुडघे टेकून, आडवा झालेल्या घोड्याचे नाक ज्या उंचीवर असते तिथे आपले नाक नेऊन पाहावे. उभ्याने न जाणवलेला अमोनिया तिथे डोळ्यांत झोंबतो. त्यात बुरशी धरलेल्या वैरणीची धूळ मिळाली की घोड्याला दमा जडतो. खोगीर यांच्या आवडीचे छपराखालचे रिंगण ठाणांना लागूनच असेल, तर तिथली धूळही दिवसभर ठाणांतच येते. रिंगण पाहायला जाल तेव्हा ते ठाणांपासून किती दूर आहे, हेही पाहावे.

रात्रपाळी:

आतापर्यंतची सगळी चर्चा जागेविषयी झाली, माणसांविषयी कोणीच लिहिले नाही. घोड्याला उलटी होऊ शकत नाही, आणि पोटशूळ घड्याळ पाहून येत नाही. घोडा जमीन खरवडतो आहे, कुशीकडे वळून पाहतो आहे, लीद टाकलेली नाही, हे रात्री कोणाच्या लक्षात येणार? विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. वेदनेने ती ६० च्या पुढे गेली तर पशुवैद्याला बोलावायला सकाळपर्यंत थांबता येत नाही. ज्या पागेत मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या नोकराला, नाडी मोजता येते, कोणता घोडा काल पाणी कमी प्यायला हे तो न विचारता सांगतो, आणि बाहेरून आलेला घोडा दोन-तीन आठवडे वेगळ्या बादल्यांसह अलग ठेवला जातो, तिथे कुरण थोडे लहान असले तरी मी घोडा ठेवीन. कोणी फिरकत नाही अशा विस्तीर्ण कुरणात मात्र कदापि ठेवणार नाही.

मोकळी टाप:

मोतद्दार उद्या नोकरी सोडून जाईल, कुरण जाणार नाही. माणसावर विसंबून पागा निवडली आणि तोच गेला, तर हाती काय उरते?

रात्रपाळी:

म्हणूनच सध्याचा मोतद्दार तिथे किती वर्षे आहे आणि त्याच्या हाताखाली किती घोडे आहेत, हे विचारावे. ज्या पागेत माणसे टिकत नाहीत तिथे पगारही बेताचा असतो आणि काटकसर वैरणीतही होते. याखेरीज एक गोष्ट लेखी घ्यावी: मालकाशी संपर्क झाला नाही तर पशुवैद्याला कोण बोलावणार, किती खर्चापर्यंत, आणि शस्त्रक्रियेला संमती आहे की नाही. असा कागद मागितल्यावर ‘आपल्यात कशाला लिहापढी’ असे उत्तर मिळाले, तर मी तिथून निघतो.

खोगीर:

लेखी कराराविषयी पूर्ण सहमत. त्यात रिंगण कोणत्या वेळी कोणाला मिळणार, हेही लिहून घ्यावे. संध्याकाळी शिकवणीचे वर्ग सुरू असताना महिन्याचे पैसे भरणारा मालक घोड्याचा लगाम धरून दाराशी ताटकळतो, हे मी एकाहून अधिक पागांमध्ये पाहिले आहे. मोकळी टाप यांच्या क्रमात रिंगण शेवटी राहिले तर माझी हरकत कायम आहे.