मदत हवी आहे : लेबल पुसलेल्या बरणीतला कॅप्रेला कोणता?

मंडळी, चूक माझीच आहे, ती आधी कबूल करतो. बंदरातल्या बुडत्या दोरांवरून खरवडलेले जीव अल्कोहोलमध्ये ठेवले आणि आत टाकायच्या चिठ्ठ्या बॉलपेननं लिहिल्या. आता एका बरणीतल्या कागदावर नुसता निळसर डाग उरलाय. (पेन्सिलनंच लिहावं, हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय!) प्राणी दोन-तीन ठिकाणांपैकी नेमके कुठले, काही आठवत नाही.

कॅप्रेला (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले छोटे समुद्री जीव) आहेत एवढं नक्की. काडीसारखं अंग, पुढे मोठ्या नांग्या, तिसऱ्या-चौथ्या खंडांवर पाय नाहीत, नुसते कल्ले. तिथे पाय असते तर फ्टिसिका हा त्यांचा भाऊबंद म्हटलं असतं. एकूण सात नग आहेत, सर्वांत मोठा ३१ मिमी.

डोक्यावर पुढे झुकलेला काटा नाही, म्हणून कॅप्रेलाच्या जातींपैकी स्कॉरा बाद केला. पाठ गुळगुळीत नाही आणि खालून मोठ्या नांग्यांच्या बुंध्यांमध्येही काटा नाही, म्हणजे इक्विलिब्राही नाही. पाठीवर मागे काटेच काटे आहेत. तेव्हा उरले म्युटिका आणि अकँथोगॅस्टर, आणि इथेच गाडी अडली. चार मोठ्यांच्या पहिल्या दोन खंडांवर धुरकट लव दिसते. केस आहेत की चिकटलेला गाळ? तीन लहानांना ती लव नाही, काटे मात्र आहेत. दोन जाती एकत्र आल्या असतील का?

शिवाय, म्युटिका मूळचा जपानच्या समुद्राकडचा. जात ठरली तर प्रसाराच्या नकाशावरून बरणीचं ठिकाण ताडता येईल का?

पाणकोंबडी : फोटो उघडत नाहीये.

धागाकर्ता : परत चढवला. फारसा बरा नाही, मोबाइल भिंगाला लावून काढलाय.

खडकपाल : फोटोवरून मी छातीठोक सांगणार नाही, पण लव कशी पाहायची ते सांगतो. नग बाहेर काढून पाहत असाल तर केस अंगाला चिकटतात आणि गाळासारखेच दिसतात. काळ्या तळाच्या वाटीत, द्रवात पूर्ण बुडवून, बाजूनं उजेड टाकून बघा. केस असतील तर मुळाशी रुतलेले आणि साधारण एका लांबीचे दिसतील. मऊ कुंचल्यानं हलकेच झाडल्यावर गाळ सुटतो, केस राहतात. पहिल्या दोन खंडांवर आणि मोठ्या नांगीवरही दाट केस असले तर म्युटिकाचा नर. अकँथोगॅस्टरला तिथे असं केसाळपण नसतं.

लहान तिघांसाठी दुसरी जात शोधू नका, त्या बहुधा माद्या आहेत. म्युटिकाच्या मादीचे पुढचे खंड आखूड आणि बिनकेसाचे असतात. तिसऱ्या-चौथ्या खंडाखाली पिल्लांची पिशवी दिसते का ते पाहा. जिवंतपणी तिच्यावर लाल ठिपके असतात, पण अल्कोहोलमध्ये रंग उडतो, त्यामुळे ठिपके नसले तरी बिघडत नाही.

नकाशाचं मात्र विसरा. या प्राण्याच्या बाबतीत नकाशानं भल्याभल्यांना चकवलंय. शूरिन या संशोधकानं १९३५ मध्ये म्युटिकाचं वर्णन केलं. पुढे १९७०च्या दशकात तो कॅलिफोर्नियातल्या हंबोल्ट खाडीत सापडला, तेव्हा त्याला अकँथोगॅस्टरची उपजात ठरवलं. नेदरलँड्समध्ये १९९५ साली तर 'कॅप्रेला माचो' म्हणून सरळ नवी जातच जाहीर झाली! जपानचा प्राणी इथे कुठून येणार, अशीच सगळ्यांची धारणा असावी. मागाहून दोन्ही म्युटिकाच निघाले. त्यानंतर स्कॉटलंड, नॉर्वे, आयर्लंड, पार न्यूझीलंडपर्यंत नोंदी झाल्या.

गंमत म्हणजे याला पाण्यात तरंगत दूर जाणारी अळी-अवस्थाच नाही. पिल्लं पिशवीतून निघतात ती आईचीच छोटी प्रतिकृती असतात. तरी इतका पसरला, कारण जहाजांचे तळ, बोये, दोर, मत्स्यशेतीच्या जाळ्या हेच त्याचं घर. म्हणजे तुम्ही खरवडलेला दोर हा त्याचा हमखास पत्ता, मग बंदर कुठलं का असेना.

धागाकर्ता : खडकपालसाहेब, मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं पाहिलं. चौघांच्या अंगावर केसच आहेत, झाडूनही जात नाहीत, मोठ्या नांगीवरसुद्धा आहेत. लहानांपैकी दोघींना पिशवी आहे. तिसरा ६ मिमीचा, त्याला ना केस, ना पिशवी. त्यालाही म्युटिकाच म्हणू ना?

खडकपाल : नको. सहांना म्युटिका लिहा. तो छोटा वेगळ्या कुपीत ठेवा आणि चिठ्ठीवर 'कॅप्रेला, अपक्व' एवढंच. बरोबरच्यांवरून जात लावायची म्हणजे पुन्हा नकाशाचीच चूक, फक्त बरणीएवढी. ठिकाणाच्या जागी 'अज्ञात'. अंदाजानं बंदराचं नाव घातलंत तर पुढे कुणीतरी ती खरी नोंद धरून चालेल.

पाणकोंबडी : आता फोटो दिसला. आणि पेन्सिल घ्या हो!