गौरीजेवणाचा स्वयंपाक घरीच, पण धावपळीविना कसा करावा?

ओसरी (कोथरूड) यांचा प्रश्न

नमस्कार. यंदा ज्येष्ठा गौरींच्या जेवणाची जबाबदारी प्रथमच माझ्याकडे आली आहे. गुडघेदुखीमुळे सासूबाईंना ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही आणि जाऊबाई पूजेच्या दिवशी सकाळीच पोहोचतील. पंगतीला २५ माणसे आहेत. आमच्याकडे नैवेद्य सोवळ्यात होतो; आदल्या दिवशीचे काही त्यात चालत नाही, आणि ही रीत मोडावी असे मलाही वाटत नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, १६ भाज्यांची एकत्र भाजी, अळू, मसालेभात, भजी, पंचामृत, कोशिंबीर हे सारे तीन बर्नरच्या शेगडीवर एका सकाळी कसे उरकावे? पोळ्या बाहेरून आणाव्यात का?

माजघर (सदाशिव पेठ)

नैवेद्याचा स्वयंपाक आणि पंगतीचा स्वयंपाक हे दोन वेगळे स्वयंपाक आहेत असे धरून चाला, म्हणजे सासूबाईंची रीतही राहील आणि आपला जीवही मेटाकुटीला येणार नाही. नैवेद्याच्या पानांना पाव किलो डाळीचे पुरण पुरते. ते पूजेच्या दिवशी सकाळी सोवळ्यात ताजे करावे. पंगतीचे पुरण मात्र आदल्या संध्याकाळी शिजवून ठेवावे. हे सासूबाईंना आधीच विचारून घ्यावे, कारण ऐन वेळी ओट्याशी उभे राहून असा विषय काढला की दोघींनाही त्रास होतो.

२५ जणांना दीड किलो हरभरा डाळ आणि साधारण तेवढाच गूळ घ्यावा. डाळ दोन-तीन तास भिजवून बोटाने सहज चिरडेल इतकी शिजवावी, कट निथळून वेगळा ठेवावा आणि गूळ घालून पुरण आटवावे. मध्यभागी रोवलेले उलथने आधाराविना उभे राहिले की पुरण झाले असे समजावे. ते गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे, गार झाल्यावर हात भरून येतात. कट लवकर आंबतो, म्हणून तो गार होताच फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याची आमटी पुन्हा खळखळून उकळावी. पोळ्या लाटण्याच्या तासभर आधी पुरण बाहेर काढावे, कारण पुरण आणि कणीक सारखीच मऊ असली तरच पोळी फुटत नाही.

पंगतीचे पंचामृत तर आदल्या दिवशीच करावे; चिंच, गूळ, तीळ आणि दाणे एका रात्रीत छान मुरतात. सोळा भाज्या निवडण्याचे काम सासूबाईंना खुर्चीवर बसून करता येईल, आणि त्यांना ते मनापासून आवडेल असे मला वाटते.

शेगडी (सहकारनगर)

आमच्या घरी पंगतीचा स्वयंपाक मी करतो, म्हणून शेगडीच्या वाटणीबद्दल लिहितो. एक बर्नर फक्त तव्यासाठी राखून ठेवावा. पोळ्यांना सर्वाधिक वेळ लागतो, त्यामुळे एकीने लाटावे, दुसरीने भाजावे आणि हे काम साडेनऊला सुरू व्हावे. पुरणपोळी कोमट असली तरी चांगली लागते, वरून तूप असले म्हणजे झाले. उरलेल्या दोन बर्नरवर आधी अळू आणि भाजी, मग आमटी, आणि शेवटी भात. अळूला चिंच हात राखून घालू नये, नाहीतर घसा खवखवतो. साधा भात आणि मसालेभात मिळून पावणेदोन किलो तांदूळ पुरेल.

भजी मात्र पाने वाढायला घेतल्यावरच तळावीत. त्या वेळी कढईपाशी एकच माणूस असावा आणि त्याच्यावर दुसरे कोणतेही काम सोपवू नये.

किराणा गणेश चतुर्थीपूर्वीच भरून ठेवावा. उत्सवात मंडईत शारदा गजाननाच्या दर्शनाची गर्दी असते आणि पेठांमधले रस्ते बंद असतात, त्यामुळे अळू आणि केळीची पाने कोथरूडमध्येच आधी सांगून ठेवावीत. भरलेला जास्तीचा सिलिंडर घरात आहे ना, हेही पाहून घ्यावे.

अंगण (बिबवेवाडी)

पोळ्या बाहेरून आणण्यात कमीपणा नाही. मात्र गौरींच्या दिवशी घरगुती पोळ्या करणाऱ्या ताईंकडे फार मागणी असते, तेव्हा निदान पंधरवडाभर आधी सांगावे. माझे मत विचाराल तर नैवेद्याच्या पोळ्या घरी कराव्यात, पंगतीच्या आणाव्यात, आणि वाचलेला वेळ पानावरच्या डाव्या बाजूला द्यावा. ताजी चटणी आणि कोशिंबीर नसेल तर पुरणाच्या जेवणाला चव येत नाही.

ओसरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंशी बोलले, पंगतीचे पुरण आदल्या दिवशी करण्यास त्यांची हरकत नाही. काकडीची कोशिंबीरही रात्रीच करून ठेवली तर चालेल का?

माजघर

नको, तिला पाणी सुटते. काकडी सकाळी कोचवून, दाण्याचे कूट आणि फोडणी तयार ठेवावी. मीठ आणि लिंबू मात्र पाने मांडल्यावर घालावे.