सोरॉरिटीचा पॅनकेक फंडरेझर: पैसे कुठे घ्यायचे, तास कसे मोजायचे?

कोरी_पाटी: अमेरिकेत शिकते. यंदा सोरॉरिटीची (विद्यार्थिनींची संघटना) फिलान्थ्रॉपी चेअर, म्हणजे देणगी-उपक्रमांची प्रमुख आहे. पॅनकेक फंडरेझर ठरलाय: 200 माणसं, 10 डॉलर तिकीट, तीन तास. पैसे माझ्या वेन्मोवर (पैसे पाठवायचं अ‍ॅप) घेतले तर चालतील का? देणाऱ्याला करसवलत मिळते का? आणि तिथे राबलेले तास सेवेत धरायचे का?

जमाखर्च: स्वतःच्या वेन्मोवर एक डॉलरसुद्धा घेऊ नकोस. घरभाडं, जेवणाची वर्गणी आणि देणगी एकाच खात्यात आली की चार महिन्यांनी कुठला पैसा कुणाचा हे तुलाही सांगता येणार नाही.

करसवलतीचं असं आहे, की चॅप्टर, म्हणजे संघटनेची कॉलेजातली शाखा, अमेरिकी करकायद्यात बहुतेक 501(सी)(7) म्हणजे सोशल क्लब असतो. त्याच्या नावाने दिलेल्या पैशावर सूट नाही. राष्ट्रीय संघटनेचं फाउंडेशन वेगळं, ते 501(सी)(3) म्हणजे धर्मादाय संस्था, तिथे सूट मिळते. त्यांच्याकडून देणगीची लिंक मागून घे आणि तिचाच क्यूआर टेबलावर चिकटव. पण तिथेही 10 डॉलरच्या तिकिटात 6 डॉलरचा नाश्ता मिळत असेल, तर देणगी फक्त 4 डॉलरची. पोस्टरवर ‘पूर्ण रक्कम करमुक्त’ असं छापणारे दर वर्षी असतातच, तू छापू नकोस. 250 डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला संस्थेची लेखी पोच लागते. रॅफल (बक्षिसाची सोडत) काढायची असेल तर आधी त्या राज्याचा कायदा बघ, बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो.

आता रोख. तिकीट 10 चं, म्हणजे लोक 20 च्या नोटा पुढे करणार. सुट्ट्यासाठी 10 च्या 10 नोटा पेटीत ठेव, एकच्या नोटांचा गठ्ठा काही कामाचा नाही. शेवटी दोघींनी मिळून मोजायचं आणि चिठ्ठीवर कुठली नोट किती, एकूण किती, त्यातून सुरुवातीचे 100 वजा, असं लिहून दोन सह्या करायच्या. ते 100 वजा करायचे राहतात आणि मग ‘जमलेला’ आकडा फुगतो.

तापला_तवा: पैशाचं वर आलंच आहे, मी चुलीकडचं सांगतो.

माणशी 3 धरले तर 600 पॅनकेक. मोठ्या इलेक्ट्रिक ग्रिडलवर (विजेचा सपाट तवा) एका वेळी 8 बसतात. घाणा साधारण 4 मिनिटांचा, मधे पुसणं-ओतणं धरून तासाला 100 च्या आसपास निघतात. हिशोबाने 2 ग्रिडल पुरतात, पण निम्मे लोक पहिल्याच तासात येतात, म्हणून 3 ठेवा.

घोळ होतो तो विजेचा. ग्रिडल 1500 वॉटची असेल तर 120 व्होल्टवर 12.5 अँपिअर खेचते. दोन ग्रिडल एकाच सर्किटवर म्हणजे 25 अँपिअर, आणि ब्रेकर 15 किंवा 20 चा. ऐन गर्दीत खटका पडणार. शेजारशेजारचे दोन सॉकेट बहुधा एकाच सर्किटवर असतात, तेव्हा तीन ग्रिडलसाठी तीन वेगळी सर्किटं कुठली हे इमारतीच्या व्यवस्थापकाला आदल्या आठवड्यात विचारा. बाहेरच्यांना खाऊ घालताय, म्हणून तात्पुरत्या अन्नपरवान्याचीही त्याच वेळी चौकशी करा. गहू, अंडं, दूध असल्याची पाटी टेबलावर हवीच.

दुसरी_घंटा: तासांबद्दल. पैसा उभा करणं ही फिलान्थ्रॉपी, कुणासाठी प्रत्यक्ष काम करणं ही सेवा. बहुतेक चॅप्टर दोन्ही वेगळं नोंदवतात. पॅनकेक उलटण्याचे तास सेवेत घातलेत की वर्षाअखेरीचा आकडा देखणा दिसतो आणि शाळेत वाचन घ्यायला कुणी गेलेलंच नसतं. नोंदीत तारीख, काम, संस्था आणि तिथल्या माणसाची सही एवढं पुरे.

सेवा म्हणजे काय याचा चांगला नमुना अल्फा काप्पा अल्फाचा. 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या या कृष्णवर्णीय सोरॉरिटीने 1935 पासून मिसिसिपीत आरोग्यप्रकल्प चालवला, प्रमुख डॉ. डोरोथी फेरेबी. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात, तेव्हा या बायकांनी मोटारीच फिरते दवाखाने केल्या आणि मळ्यांवर जाऊन मुलांना लसी टोचल्या.

कमी खर्चात करायचं तर रक्तदान शिबिर बघ. दोन दानांत 56 दिवसांचं अंतर लागतं, म्हणून एका सत्रात दोन शिबिरं बसवायची तर पहिलं अगदी सुरुवातीला हवं. भारतातून नुकत्याच आलेल्या मैत्रिणींची नावं मात्र आधीच यादीत धरू नकोस. मलेरिया असलेल्या देशात पाच वर्षांहून जास्त राहिलेल्यांना तीन वर्षं थांबावं लागतं, आणि हे त्यांना रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

कोरी_पाटी: वेन्मो रद्द. टी-शर्टही विकायचे म्हणताहेत, त्याचं काय?

जमाखर्च: आधी पैसे, मग ऑर्डर. अंदाजाने 100 मागवले की एक्स-स्मॉल उरतात आणि लार्ज संपतात, आणि उरलेल्यांत नफा अडकतो. संघटनेच्या नावाची ग्रीक अक्षरं छापणार असाल तर छापणारा तिच्या परवानाधारकांच्या यादीतला आहे ना, तेवढं बघा.