पहिली छाप: पैसा दर्शनी भागावर लावावा की कामावर?

उंबरठा (धागाकर्ता):
नव्या व्यवसायाने पहिल्या वर्षी फलक, संकेतस्थळ, स्वागत आणि फोनवर बोलणारा माणूस यांवर हात आखडता घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९४६ मध्ये एका व्यक्तीचे वर्णन करणारी तीच सहा विशेषणे दोन गटांना उलटसुलट क्रमाने ऐकवली. ‘बुद्धिमान’पासून सुरू होऊन ‘मत्सरी’वर संपणारी यादी ज्यांनी ऐकली, त्यांचे त्या व्यक्तीविषयीचे मत दुसऱ्या गटापेक्षा अनुकूल झाले. ग्राहकही आपली यादी अशीच क्रमाने ऐकत असतो. मळकट फलक, न उचललेला फोन आणि मग उत्तम काम असा क्रम लागला, तर उत्तम कामापर्यंत तो थांबेलच कशाला?

शिवाय अर्थतज्ज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये दाखवलेला भेद येथे लागू पडतो: काही वस्तू घेण्यापूर्वी पारखता येतात, तर काहींचा गुण वापरल्यावरच कळतो. सल्ला, दुरुस्ती, शिकवणी अशा सेवांमध्ये अनोळखी ग्राहकाला दर्शनी भागाखेरीज पारखण्यासारखे हाती लागते तरी काय?

जमाखर्च:
असहमत. अ‍ॅश यांच्या श्रोत्यांना मत द्यायचे होते, खिशात हात घालायचा नव्हता. पैसे देणारा माणूस चार ठिकाणी चौकशी करतो आणि आधीच्या ग्राहकांना विचारतो, म्हणजे आपली पहिली छाप बहुतेक वेळा आपल्या गैरहजेरीत, कोणाच्या तरी जुन्या कामावरून पडलेली असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ग्राहकाचे समाधान अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतरावर ठरते, अशी मांडणी ग्राहक-वर्तनाचे अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये केली. दर्शनी भाग जितका झगमगीत, तितकी अपेक्षा चढते आणि मग बऱ्यापैकी झालेले कामही उणे वाटू लागते. हत्यारे जुनी, कारागिराचा पगार थकलेला आणि स्वागतकक्षात नवी कोरी आसने, हा प्रकार मी हिशेब तपासताना इतक्यांदा पाहिला आहे की आता आसने दिसली की मी आधी देण्यांची वही मागतो.

उंबरठा:
थकलेल्या पगाराचे समर्थन मी केलेले नाही. पण ग्राहक चार ठिकाणी चौकशी करतो म्हणून पहिले मत पुसले जाते, हे मान्य नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस आणि तोदोरोव यांच्या २००६ च्या प्रयोगात सेकंदाच्या दहाव्या भागापुरता चेहरा पाहून बनलेली मते, वेळेचे बंधन नसताना दिलेल्या मतांशी बरीच जुळली. वेळ वाढवल्यावर वाढली ती मुख्यतः आपल्या मताविषयीची खात्री. चेहरा म्हणजे व्यवसाय नव्हे, हे खरे. तरीही चौकशी करणारा माणूस कित्येकदा आधीच ठरलेल्या मताला पुरावेच गोळा करत असतो.

पाना-पक्कड:
दोघेही सजावटीवरच अडला आहात. माझा दुरुस्तीचा व्यवसाय आहे. मीही एकदा दर्शनी भाग नवा केला होता. चौकशा वाढल्या, कामे मात्र होती तेवढीच राहिली. फरक पडला तो दरपत्रक बदलल्यावर. पूर्वी मी फोनवरच अंदाजे आकडा सांगत असे. आता आधी पाहणी करतो आणि काय करणार, काय करणार नाही, किती दिवस लागतील व जादा काम निघाले तर विचारल्याशिवाय हात लावणार नाही, हे लेखी देतो.

अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ च्या सिद्धांताचे सार असे, की ज्या खुणेची नक्कल करणे कच्च्या माणसाला महाग पडते, तीच खूण विश्वास देते. चकचकीत फलक कोणीही रंगवून घेऊ शकतो. बिघाड नेमका ओळखून लिहिलेले दरपत्रक मात्र काम न येणाऱ्याला जमत नाही, आणि जमवायला गेला तर पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

जमाखर्च:
हे पटते, पण मग तो कामावरचाच खर्च झाला, आणि माझा मुद्दा तोच होता. एकच शंका: पाहणी करूनही जो ग्राहक काम देत नाही, त्याच्यावर गेलेला वेळ कोणाच्या खात्यावर टाकता?

पाना-पक्कड:
पाहणीचे शुल्क घेतो आणि काम मिळाले तर बिलातून वजा करतो. शुल्क ऐकून काहीजण फोन ठेवतात, म्हणून तो आकडा मी पहिल्याच वाक्यात सांगतो.