हेडलाइटचा फोकस घरच्या घरी सेट करायचा आहे, पण पार्किंगला उतार आहे

गाडी २०१६ ची वॅगनआर. साधे एच-४ हॅलोजन, बाहेरचं काहीही टाकलेलं नाही. मध्यंतरी पुढचा बंपर बदलावा लागला, त्यात दोन्ही हेडलाइट काढून परत बसवले. तेव्हापासून लोअरवर चालवतोय तरी समोरचे डिपर मारतात. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात तर एसटीवाल्यांनी हैराण केलं. उजवा लाइट ठीक वाटतो, डावा मात्र रस्ता सोडून झाडांच्या फांद्या दाखवतोय.

डॅशबोर्डवर ० ते ३ चा नॉब आहे, तो ३ वर नेला की डिपर कमी होतात. पण मग उजव्या बाजूचा उजेड बॉनेटच्या पुढ्यातच पडतो. गॅरेजवाल्याने गाडी शटरसमोर लावून नुसत्या नजरेनं "एकदम ओके" म्हणून सांगितलं. परत त्याच्याकडे जायची इच्छा नाही.

भिंतीवर टेप लावून फोकस सेट करतात हे वाचलंय. पण कोणी ५ मीटर सांगतं, कोणी साडेसात, कोणी १०. धरायचं काय? आमचं पार्किंग इमारतीखाली आहे आणि फरशीला पाण्याच्या जाळीकडे उतार दिलाय. तिथे हे जमेल का? डावीकडे उजेड थोडा वर असतोच, असंही कोणीतरी म्हणालं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

एलईडी टाका, लख्ख उजेड पडेल. प्रश्नच मिटला.

प्रतिसाद २

वरचं कृपया करू नका. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या फिलामेंटची जागा धरून बनवलेला असतो. त्यात एलईडी घातला की उजेड चहूकडे फुटतो आणि समोरच्याला काही दिसत नाही. आज निम्मा हायवे त्यामुळेच आंधळा झालाय.

आता तुमचं. स्क्रूला हात लावण्याआधी डावा बल्ब काढून बघा. एच-४ मध्ये दोन फिलामेंट असतात आणि लोअरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून भिंतीवर वर अंधार, खाली उजेड अशी स्वच्छ रेघ उमटते. बल्बच्या चकतीला तीन कान असतात, ते खाचेत नीट बसले नाहीत तर वाटी तिरकी होते, रेघ पुसट होते आणि उजेड वर उडतो. घाईत बसवलेल्या लाइटमध्ये हे हमखास सापडतं. काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने बल्ब लवकर जातो.

डावीकडे रेघ वर चढते ते मुद्दाम केलेलं असतं. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे कडेचा माणूस, सायकल, मैलाचा दगड दिसावा म्हणून. पण ती चढण रेघेच्या मध्यापासून डावीकडे हवी. फांद्या दिसणं हे त्यात बसत नाही.

अंतर कुठलंही चालेल, टक्का महत्त्वाचा. १ टक्का म्हणजे भिंत ५ मीटरवर असेल तर रेघ बल्बच्या मध्याच्या उंचीपेक्षा ५ सेंमी खाली, १० मीटरवर १० सेंमी. बऱ्याच हेडलाइटच्या अंगावरच टक्का छापलेला असतो, तो बघून घ्या. नसेल तर १ ते दीडच्या मध्ये ठेवा. लाइट जमिनीपासून ७० सेंमीवर असेल तर १ टक्क्याला रेघ ७० मीटरवर रस्त्याला टेकते, २ टक्क्यांना ३५ वर. नॉब ३ वर नेल्यावर तुमचा रस्ता का आटतो ते यात आलं. तो नॉब मागे माणसं आणि डिकीत सामान भरल्यावर नाक वर होतं त्यासाठी आहे. सेटिंग करताना तो ० वर, चाकात हवा बरोबर, डिकी रिकामी आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस.

प्रतिसाद ३

उताराबद्दल कोणी बोललं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पाणी वाहून जायला मीटरमागे १ सेंमी उतार देतात, तो झाला १ टक्का. म्हणजे गाडी उतारावर आणि भिंतीजवळची फरशी सपाट असेल तर तुम्हाला हवा असलेला सगळा टक्का फरशीनेच खाल्ला.

मात्र मागच्या चाकांपासून भिंतीपर्यंत एकच सलग उतार असेल तर काही बिघडत नाही. जमीन सपाट नसली तरी एका पातळीत असली की झालं. दोरीने तपासा: भिंतीच्या पायथ्याशी एक वीट, मागच्या चाकाच्या मागे तेवढीच दुसरी, वर दोरी ताणून बांधा. मध्ये तीन-चार ठिकाणी फरशी ते दोरी अंतर मोजा. सगळीकडे सारखं आलं तर जागा चालेल. मग बल्बच्या मध्याची उंची ज्या-त्या बाजूला फरशीपासूनच मोजून भिंतीवर टेप लावा, म्हणजे आडवा उतारही सांभाळला जातो. मध्ये खड्डा किंवा उंचवटा निघाला तर दुसरी जागा शोधा. रात्री शाळेचं किंवा मंगल कार्यालयाचं आवार विचारून बघा.

हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, काही गाड्यांत पांढरं दातेरी चाक. एक वर-खाली, दुसरा डावीकडे-उजवीकडे. आधी जागेवर पेनने खूण करा, मग पाव-पाव वेढा. एक लाइट सेट करताना दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा. काचेवर फडकं टाकून ठेवू नका, प्लास्टिक तापतं. ५ मीटरवर १ सेंमीची चूकही ०.२ टक्के होते, त्यामुळे जागा असेल तर लांबूनच करा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. डाव्या बल्बचा एक कान खाचेबाहेरच होता. नीट बसवल्यावर रेघ स्वच्छ आली. दोरीने पाहिलं तर जाळीजवळ फरशी चांगलीच खचलेली निघाली, म्हणून शेजारच्या शाळेच्या आवारात केलं. डावा दीड वेढा खाली घ्यावा लागला. आता दोन्ही एका रेघेत आहेत.

पण नवीन भानगड: डाव्या हेडलाइटचा गाडीला बसवायचा वरचा कान तुटलेला दिसतोय, हाताने लाइट हलतो. एम-सीलने चिकटवू का?

प्रतिसाद ३

घाई नको. हेडलाइटच्या बॉडीवर 'पीपी' (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) अशी अक्षरं असतील तर त्यावर एम-सील किंवा साधा गोंद धरणार नाही, प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडे न्या. बंपर जोडणारे बहुतेक हे करतात. आणि कान पक्का झाल्यावर फोकस परत बघावा लागेल, शाळेचा वॉचमन ओळखीचा करून ठेवा.