मदत हवी आहे: रुईच्या गाठी कधी पूर्ण, कधी दशांशात (गोडो ४)

पऱ्हाटी_१२
राजेहो, मोबाइलवर गोडो ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये जिनिंगचा (कापसातून सरकी काढून रुई करायचा) छोटा गेम करून राह्यलो. बटण दाबलं की १७० किलोच्या जेवढ्या गाठी होतात तेवढ्या बांधायच्या. ओळ एवढीच:

गाठी = रुई / १७०

४३० किलोला २ येते, बरोबर. पण गेम सेव्ह करून परत उघडला की हेच ओळ २.५२९ दाखवते. राउंड लावलं तर ३ गाठी! ८० किलो रुई फुकटची. काऊन होते असं?

दुसरं, विहीर एक्स (आडवी जागा) = ० वर आहे. तिच्या डावीकडच्या तासात (पेरणीच्या ओळीत) सरकी टोबली की उजवीकडे उगवते. तास ६४ पिक्सेलचा, नंबर = इंट(एक्स / ६४), इंट म्हणजे पूर्ण आकडा.

काळीमाती
भाऊ, ओळ तीच आहे, रुईचा प्रकार बदलला. सेव्ह जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून ठेवायची पद्धत) करत असशील. गोडो जेसन वाचताना सगळे आकडे फ्लोट (दशांशवाले) करते, ४३० चे ४३०.० होतात. इंट भागिले इंट केलं की गोडो दशांश स्वतःच टाकून देते (पिवळा इशारा येतो तो त्याचाच, घाबरू नको). एक बाजू फ्लोट झाली की दशांश राहतात. म्हणून लोड करतानाच रुई = इंट(डेटा मधली रुई) कर. भागाकाराच्या ओळीला हात लावू नको.

राउंड इथं चालतच नाही. अर्धी गाठ म्हणजे गाठ नाही.

उरलेली रुई: रुई = रुई % १७० (% म्हणजे भागाकाराची बाकी), म्हणजे ९० किलो शिल्लक. पण गाठी मोजून झाल्यावर, आधी नाही. रुई = ० केलं तर हे ९० किलो गेले. आणि % फ्लोटवर चालत नाही, एरर येतो. तिथं एफमॉड (फ्लोटची बाकी काढणारं फंक्शन) लागते.

धुऱ्यावरचा
तासाचं वेगळं आहे. इंट खाली नेत नाही, शून्याकडे नेते. एक्स = ४० असो की −४०, भागाकार ०.६२५ किंवा −०.६२५, इंट दोन्हीचं ० करते. म्हणून तुझा शून्य नंबरचा तास दुप्पट रुंद झाला, विहिरीच्या दोन्ही अंगांनी. फ्लोअरआय(एक्स / ६४.०) लिही, ते खालच्या पूर्ण आकड्याला नेते, −४० ला −१ येईल. ६४ नंतरचा .० मुद्दाम आहे. एक्स कधी इंट झाला तर भागाकारातच दशांश गळतात, मग फ्लोअरआयच्या हाती काही राहत नाही.

आता तास ॲरेमध्ये (क्रमांकाच्या यादीत) ठेवले असतील तर नवीन घोळ: गोडोत ॲरेचा −१ म्हणजे शेवटचा घटक. सरकी वावराच्या पार दुसऱ्या टोकाला उगवेल, एररही येणार नाही. डिक्शनरी (किल्ली देऊन माहिती काढायची यादी) वापर.

पऱ्हाटी_१२
गाठी जमल्या, तासही. आता मजूर ठेवले, सेकंदाला ४० किलो. प्रोसेसमध्ये (दर फ्रेमला चालणारं फंक्शन) कापूस += इंट(४० * डेल्टा), डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासूनचे सेकंद. एक किलोही वाढत नाही.

काळीमाती
६० फ्रेमला एका फ्रेमचे ०.६७ किलो होतात, इंट त्याचं ० करते. दर वेळी. ३० फ्रेमच्या मोबाइलवर १.३३ चे १, म्हणजे सेकंदाला ३० किलो. एकाच गेमची मजुरी मोबाइल पाहून बदलते! चिल्लर वेगळी साठव. वर एक फ्लोट व्हेरिएबल घे, फंक्शनच्या आत नको:

चिल्लर += ४० * डेल्टा
पूर्ण = फ्लोअरआय(चिल्लर)
कापूस += पूर्ण
चिल्लर −= पूर्ण

रुईचा उतारा (कापसातून निघणारी रुई) ३४ टक्के धरत असशील तर ०.३४ ने गुणू नको, कापूस * ३४ / १०० ठेव, सगळे इंट. ०.२९ ला १०० ने गुणून फ्लोअर केलं तर २९ नाही, २८ येते, कारण आतला आकडा २८.९९९ असतो.

धुऱ्यावरचा
डिक्शनरी घेतली असशील तर एक राहिलं. जेसनमध्ये किल्ल्या स्ट्रिंग होतात. लोड केल्यावर −१ हा आकडा नसून मजकूर असेल आणि तास रिकामा दिसेल. लोडच्या लूपमध्ये प्रत्येक किल्ली इंट() मधून काढ.